वाचकांचे प्रश्न : निषिद्ध नगरीच्या दारात

बीजिंगचा राजवाडा, म्हणजेच ‘निषिद्ध नगरी’, पाहायला निघालेल्या वाचकांची बहुतेक पत्रं एकाच जागी अडलेली दिसतात, ती म्हणजे दारात. कोणतं दार, तिकीट कुठे, रांग कुठली आणि ज्या दाराबद्दल एवढं ऐकलं त्यात बघायचं तरी काय? म्हणून या वेळी आतले महाल, सिंहासनं, घड्याळांचं दालन सगळं बाजूला ठेवून फक्त दरवाजांविषयीचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माओंचं मोठं चित्र लावलेला लाल दरवाजा हाच राजवाड्याचा मुख्य दरवाजा ना? प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमात ‘तिआनआनमेन, दोन तास’ एवढंच लिहिलं आहे. त्यात राजवाडा आला का?

नाही. ही चूक सर्रास होते आणि महाग पडते. तिआनआनमेन हा राजवाड्याबाहेरच्या ‘शाही नगरा’चा दरवाजा. निषिद्ध नगरी त्याच्याही आत आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना क्रम असा लागतो : आधी चौक, मग चांगआन हा रुंद रस्ता, रस्ता ओलांडला की तिआनआनमेन, त्यामागे तसाच दिसणारा दुआनमेन, आणि त्यानंतर लांबलचक फरसबंद अंगणाच्या टोकाला वूमेन. (‘वू’ म्हणजे मध्यान्ह, दक्षिण दिशा. ‘मेन’ म्हणजे दार. इंग्रजीतल्या बायकांशी या नावाचा संबंध नाही.) राजवाड्याचं खरं महाद्वार वूमेन. तिकीट तपासतात तेही इथेच. तिआनआनमेनपासून इथपर्यंत अर्ध्या किलोमीटरहून थोडं जास्त चालावं लागतं.

गोंधळ होण्याचं कारण साधं आहे. लाल भिंती, पिवळी कौलं, पाच बोळ, पुढे संगमरवरी पूल आणि सिंह, असं सगळं तिआनआनमेनलाच आहे. फोटोंमधूनही तोच ओळखीचा झालेला असतो. 1 ऑक्टोबर 1949 ला नव्या राजवटीची घोषणा त्याच्याच सज्जावरून झाली. पण जुनेपणाच्या दृष्टीने पाहिलं तर तो फसवा आहे. मिंग राजघराण्याच्या काळातला मूळ दरवाजा जळला, पुन्हा बांधला, 1644 मध्ये ती राजवट पडतानाच्या धामधुमीत पुन्हा नष्ट झाला आणि 1651 मध्ये उभा राहिला तेव्हा त्याला आजचं नाव मिळालं. शेवटी 1969-70 च्या हिवाळ्यात वरची लाकडी इमारत संपूर्ण उतरवून नव्याने बांधण्यात आली. तिच्यावर चढायचं तिकीट वेगळं, 15 युआन. त्याचं बुकिंगही वेगळं आणि वर जाताना पिशव्या खाली जमा कराव्या लागतात. खालच्या बोळातून पलीकडे जायला पैसे लागत नाहीत.

तुमच्या कंपनीला नेमकं विचारा : “वूमेनमधून आत नेणार का, आणि माझ्या पासपोर्ट नंबरावर राजवाड्याचं तिकीट काढलं आहे का?” उत्तर गुळमुळीत आलं तर ‘दोन तास’ म्हणजे चौकात फोटो आणि परत बस, असं समजा.

प्रश्न : दारावर जाऊन तिकीट काढता येत नाही, असं ऐकलं. आम्हाला चिनी येत नाही, मग तिकीट कसं काढायचं?

बरोबर ऐकलं. 2017 च्या ऑक्टोबरपासून तिकीटविक्री ऑनलाइनच आहे. वूमेनसमोर जुनी तिकीटघरं दिसतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. राजवाडा संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा वीचॅट या चिनी ॲपमधल्या त्यांच्या छोट्या ॲपवर पासपोर्ट नंबर देऊन तिकीट काढायचं. 1 एप्रिल ते 31 ऑक्टोबर 60 युआन, 1 नोव्हेंबर ते 31 मार्च 40 युआन. रत्नदालन आणि घड्याळदालन यांचे प्रत्येकी 10 युआन वेगळे. सोमवारी राजवाडा बंद असतो. राष्ट्रीय सुट्टी सोमवारी आली तरच तो उघडा. उन्हाळी वेळ सकाळी 8:30 ते संध्याकाळी 5, शेवटचा प्रवेश 4 वाजता. हिवाळ्यात बंद होण्याची आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ अर्धा तास अलीकडे येते.

तिकिटं सात दिवस आधी, बीजिंगच्या रात्री 8 वाजता खुली होतात. म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे 5:30. मे महिन्याचा पहिला आठवडा, जुलै-ऑगस्ट आणि 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा या दिवसांत ती बघता बघता संपतात. त्यामुळे खातं उघडणं, सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट नंबर भरून ठेवणं, पैसे भरायची सोय तपासणं ही कामं आदल्या दिवशीच उरकावीत. पावणेसहाला बसून ‘नाव कुठल्या चौकटीत लिहायचं’ हे शोधत राहिलात की त्या दिवसाचं तिकीट गेलंच.

गाडं अडतं ते पैसे भरताना. परदेशी कार्ड अलीपे या पैसे भरायच्या चिनी ॲपला किंवा वीचॅटला आधी जोडून, एखादा छोटा व्यवहार करून पाहिलेला बरा. बँकेचा ओटीपी रोमिंगमध्ये उशिरा येतो आणि ठरलेल्या वेळेत पैसे पोचले नाहीत तर बुकिंग आपोआप रद्द होतं.

सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं असतात. शक्यतो सकाळचं घ्या. ते मिळालं नाही तर सोमवारच्या तारखेवर टिचक्या मारत बसण्यापेक्षा मधल्या वारांचं दुपारचं सत्र पाहा. लहान मुलांचंही नाव नोंदवावं लागतं. कडेवरचं मूल आहे म्हणून सोडतील, असं धरून चालू नका.

कागदी तिकीट मिळत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. दारावर मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहिला तर हेलपाटा ठरलेला. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा काढला असेल तर नंबर बदललेला असतो, म्हणून तिकीटही नव्याने काढा. परदेशी पासपोर्ट कधी कधी यंत्राला वाचता येत नाही. अशा वेळी यंत्राशी झटापट करू नका. शेजारी कर्मचारी बसलेली खिडकी असते, तिच्या रांगेत जा.

प्रश्न : चौकासाठीही वेगळं बुकिंग लागतं म्हणे. ते मिळालं नाही तर राजवाडाच बुडाला का?

नाही बुडत. डिसेंबर 2021 पासून तिआनआनमेन चौकात जायला आधी नाव नोंदवावं लागतं, हे खरं. पण वूमेनला पोचायचा रस्ता चौकातूनच जातो असं नाही. पूर्वेकडचा रस्ता जास्त सोयीचा आणि, आमच्या मते, जास्त देखणा आहे.

मेट्रोच्या 8 नंबरच्या लाइनवर जिन्यू हुतोंग स्थानकाला उतरा. तिथून पश्चिमेकडे सरळ चालत डोंगहुआमेन रस्ता धरा, पायी पंधरा-वीस मिनिटं. समोर खंदक लागतो आणि पलीकडे राजवाड्याचा पूर्व दरवाजा, डोंगहुआमेन. तो फक्त बाहेर पडायचा आहे, आत सोडत नाहीत. (‘इथून जवळ पडेल’ म्हणून पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारं कोणी ना कोणी तिथे रोज असतं.) तिथून डावीकडे, म्हणजे दक्षिणेला वळा आणि खंदकाच्या कडेकडेने चालत राहा. कोपऱ्यावर तिहेरी छपराचा बुरूज दिसेल, त्याला वळसा घालून पश्चिमेकडे निघालात की एका लहान दारातून थेट वूमेनपुढच्या अंगणात पोचता. सुरक्षा तपासणी याही वाटेवर आहे, पण रांग बहुधा आखूड असते. खंदक 52 मीटर रुंद आहे. सकाळी वारा नसला तर तटाचं प्रतिबिंब त्यात हलत नाही.

चौकाकडूनच यायचं असेल तर 1 नंबरच्या लाइनवरची तिआनआनमेन पूर्व आणि पश्चिम ही स्थानकं जवळची. मात्र मोठे कार्यक्रम असले की ती अचानक बंद ठेवतात आणि गाडी न थांबता पुढे जाते. अशा वेळी 2 आणि 8 नंबरच्या लाइनवरचं छिएनमेन स्थानक कामी येतं. तिथून चौक ओलांडावा लागतो, तेव्हा चौकाचं बुकिंग हवं. तपासणीला गर्दीच्या दिवशी अर्धा-पाऊण तास सहज जातो, तो हिशेबात धरा. लायटर, काडेपेटी, चाकू-कात्री, बॅनर, पत्रकं यांतलं काहीही खिशात किंवा पिशवीत नको. राजवाड्यात धूम्रपानाला बंदी आहे.

प्रश्न : गाइड म्हणतात, वूमेन फार महत्त्वाचा. पण तिथे उभं राहून नेमकं बघायचं काय? एक मोठी भिंत आणि वर छप्पर, एवढंच दिसतं.

हा प्रश्न आवडला. कारण बहुतेक लोक वूमेनच्या पोटातून जातात आणि वूमेन न पाहताच जातात. रांगेत पंधरा-वीस मिनिटं उभं राहावं लागतंच. तेवढ्या वेळात मोबाइल खिशात ठेवा आणि पुढच्या गोष्टी शोधा.

आधी आकार बघा. हा दरवाजा सरळ रेषेत नाही. मधला भाग मागे आहे आणि दोन हात पुढे आलेले, म्हणजे वरून पाहिलं तर इंग्रजी ‘यू’ अक्षर. तुम्ही रांगेत उभे असता तेव्हा तिन्ही बाजूंनी सुमारे 12 मीटर उंच लाल तट तुमच्यावर येतो, आणि चौथी बाजू तुम्ही नुकतीच मागे टाकलेली असते. आपल्या किल्ल्यांचा गोमुखी दरवाजाही माणसाला असाच दोन बुरुजांच्या बेचक्यात घेतो. तिथे हेतू मारा करण्याचा होता. इथे वरून बाण सुटत नसले तरी खाली उभ्या माणसाला आपण किती लहान आहोत हे कळावं, ही योजना उघड आहे. तटावर मधोमध नऊ खणांची दुहेरी छपराची वास्तू, दोन्ही हातांवर तेरा-तेरा खणांचे लांब सज्जे (रानहंसाचे पंख, असं त्यांचं चिनी नाव) आणि चार टोकांना चार चौकोनी मंडप. मधली एक आणि हे चार मिळून पाच, म्हणून लोक याला ‘पंचफिनिक्स’ म्हणत. जमिनीपासून शिखरापर्यंत उंची 37.95 मीटर. आजच्या हिशेबाने बारा मजले.

आता दारं मोजा. समोरून तीन दिसतात. पुढे चालत जा आणि दोन्ही हात जिथे मधल्या भिंतीला मिळतात त्या कोपऱ्यांत बघा. तिथे आणखी एकेक बोळ आहे. त्यांची तोंडं समोर नसून एकमेकांकडे, म्हणजे पूर्व-पश्चिम आहेत. हे बोळ आत शिरून उत्तरेकडे वळतात. त्यामुळे आत गेल्यावर मागे वळून पाहिलं की दारं पाच भरतात. ‘उघड तीन, लपून पाच’ असं या दाराबद्दल चिनीत म्हणतात. आणखी एक गंमत अशी की समोरून हे बोळ चौकोनी दिसतात आणि मागून कमानदार. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी काही न सांगता दोन्हीकडून मोजायला लावा.

या पाच दारांत कोण कुठून जाणार हे काटेकोर ठरलेलं होतं. मधलं दार फक्त सम्राटाचं. सम्राज्ञीला ते लग्नाच्या दिवशी एकदाच मिळे. तिसरा अपवाद मात्र ऐकण्यासारखा आहे : राजवाड्यातल्या अंतिम परीक्षेत पहिले तीन आलेले विद्वान निकालानंतर याच दाराने बाहेर पडत. आयुष्यात तेवढे एकदाच, पण दरबारातला सगळ्यात मोठा मंत्रीही ज्या दाराने कधी जाऊ शकत नसे त्या दाराने. मंत्री आणि अधिकारी पूर्वेकडच्या दाराने जात, राजघराण्यातले पुरुष पश्चिमेकडच्या. कोपऱ्यातले दोन बोळ एरवी मोठ्या दरबाराच्या दिवशी उघडत. परीक्षेच्या वेळी उमेदवार सम-विषम क्रमांकानुसार त्यांतून आत सोडले जात.

आज तुम्हाला कोणत्या दाराने आत घेतील हे त्या दिवशीच्या रांगा लावणारे ठरवतात. मधल्याचा हट्ट धरून उपयोग नाही.

वरच्या मजल्यावर घंटा आणि नगारा असे. सम्राट स्वर्गमंदिराकडे निघाला की घंटा, पूर्वजांच्या मंदिराकडे निघाला की नगारा आणि मोठ्या दरबाराला दोन्ही. आपल्या नगारखान्याची आठवण होईल, पण इथे आवाजावरून शहराला सम्राट कुठे निघाला हेही कळत असे. पुढच्या वर्षाचं पंचांगही दर वर्षी याच दाराशी जाहीर होई. लढाईत पकडलेले कैदी सम्राटापुढे उभे केले जात तेही इथेच. सम्राट वर आणि ते खाली, तुम्ही उभे आहात त्याच अंगणात.

बांधकाम 1420 चं, 1647 मध्ये पुन्हा उभारलेलं आणि 1801 मध्ये डागडुजी झालेली. म्हणजे ‘सहाशे वर्षांचं’ म्हणून जे सांगतात त्यात जागा आणि आराखडा सहाशे वर्षांचा. लाकडाचं वय प्रत्येक इमारतीगणिक वेगळं. पुढचाच तैहमेन दरवाजा घ्या. 1889 मध्ये सम्राट ग्वांगशूच्या लग्नाच्या काही आठवडे आधी तो जळून गेला. मुहूर्त तर टळणार नव्हता. मग कारागिरांनी बांबू, कागद आणि कापडाचा तंतोतंत तसा दरवाजा उभा केला आणि वरात त्यापुढून गेली. आज दिसतो तो त्यानंतर बांधलेला.

प्रश्न : दारांवरचे ते सोनेरी गोल खिळे हत्तींसाठी का? आणि ते मोजायला का सांगतात?

हत्तींसाठी नाहीत. आपल्या किल्ल्यांच्या दारांवरचे सुळे टोकदार आणि हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर असतात. हे बोथट, घुमटीसारखे आहेत आणि खालपासून वरपर्यंत एकसारख्या अंतरावर बसवलेले. मूळ काम सुताराचं : जाड फळ्या मागच्या आडव्या पट्ट्यांना खिळ्यांनी ठोकायच्या आणि खिळ्याचं डोकं झाकायला वर टोपी बसवायची. पुढे टोप्यांची संख्याच दर्जाची खूण झाली. नऊ हा सम्राटाचा अंक, म्हणून वूमेनच्या दारावर नऊच्या नऊ ओळी, एकूण 81. उत्तरेकडच्या शनवूमेनवर आणि पश्चिमेच्या शीहुआमेनवरही तेवढेच.

आता परत जाताना डोंगहुआमेनला थांबून मोजा : नऊच्या आठ ओळी, 72. सम्राटाचं शव या दाराने नेत म्हणून इथे सम अंक आहे, असं लोक सांगतात. दंतकथा म्हणून ऐकायला छान. पण यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा गाइडने छातीठोकपणे सांगितलं तरी मनात थोडी जागा ठेवा.

प्रश्न : चिनी मालिकांमध्ये सम्राट ओरडतो, ‘याला वूमेनबाहेर नेऊन मुंडकं उडवा!’ तिथे खरंच शिरच्छेद होत का?

नाही. मिंग काळात शिरच्छेद शहरातल्या शीस भागात होत, त्यानंतरच्या चिंग घराण्याच्या काळात दक्षिणेकडच्या छायशीखोउला. दोन्ही गजबजलेल्या बाजाराच्या जागा. शिक्षा लोकांनी पाहावी हाच हेतू असल्याने, सामान्यांना फिरकायलाही मनाई असलेल्या राजवाड्याच्या दारात ती देण्यात अर्थ नव्हता.

मात्र आख्यायिकेचं मूळ इथेच आहे. मिंग सम्राट अवज्ञा करणाऱ्या अधिकाऱ्यांना वूमेनसमोर लाकडी दंडक्याने फटके मारवत. आधी ही बेअब्रूची शिक्षा होती, पुढे जिवावरची झाली. 1524 मध्ये नव्या सम्राटाने आपल्या जन्मदात्या वडिलांना कोणता मान द्यायचा यावरून वाद पेटला, शंभराहून जास्त अधिकाऱ्यांना फटके बसले आणि त्यांतले डझनाहून अधिक मेले. फटके आणि मृत्यू खरे, मुंडकं नाही.

प्रश्न : वूमेनवर चढता येतं का?

येतं. आणि त्याचं वेगळं तिकीट सहसा लागत नाही. 2015 पासून वरची मधली वास्तू आणि दोन्ही सज्जे प्रदर्शनदालनं आहेत. तरी लोक चढत नाहीत, कारण वाट समोर दिसत नाही. दारातून आत आलात की गर्दी तुम्हाला ढकलत पुढच्या पाच पुलांकडे नेते. तिच्याबरोबर वाहत जाऊ नका. आत शिरताच बाजूला व्हा आणि तटाच्या आतल्या अंगाला असलेला चढाचा रस्ता धरा. पूर्वी तो घोड्यांसाठी होता, त्यामुळे पायऱ्यांपेक्षा सोपा आहे. मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी वेगळं बुकिंग ठेवतात. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात दालन बंदही असतं. म्हणून तिकीट काढतानाच त्याच पानावर बघून घ्या. वर गेल्यावर दक्षिणेकडे दुआनमेन आणि उत्तरेकडे तैहमेनचं अंगण एका रेषेत दिसतं. ही तीच मध्यरेषा. दक्षिणेच्या योंगडिंगमेनपासून उत्तरेच्या घंटाघरापर्यंत 7.8 किलोमीटर लांब, 2024 च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेली.

प्रश्न : आई बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात. वूमेनपासून पुढे तिला जमेल का?

सपाट चालणं जमत असेल तर जमेल, पण मधल्या अक्षावरून नेऊ नका. वूमेनपासून शनवूमेनपर्यंत सरळ अंतर 961 मीटर. आत इकडेतिकडे फिरून ते सहज दुप्पट-तिप्पट होतं. मधली तिन्ही मोठी सभागृहं तीन थरांच्या संगमरवरी चौथऱ्यावर आहेत. तिथल्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात. पूर्व किंवा पश्चिम बाजूच्या अंगणांमधून गेलं तर त्या टळतात आणि सावलीही मिळते. मधल्या अंगणांत एकही झाड नाही.

खरा धोका उंबऱ्यांचा. जुन्या दारांना पोटरीपर्यंत येणारे लाकडी उंबरे आहेत. काही ठिकाणी त्यांवर उतार टाकले आहेत, काही ठिकाणी नाहीत. गर्दीत पाय दिसत नाही आणि अडखळायला होतं. आईंना मध्ये घेऊन, हात धरून, उंबरा ओलांडून पाय टाकायला सांगा. त्यावर पाय देऊ नये, असा तिथला संकेतही आहे. (सिंहासन सोडल्यावरही आत राहणाऱ्या शेवटच्या सम्राटाने, पुयीने, सायकल चालवता यावी म्हणून काही उंबरे कापून काढायला लावले होते.) फरसबंदी झिजलेली, खालीवर आहे. रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट हवेत. चाकांची खुर्ची हवी असेल तर वूमेनमधल्या माहिती कक्षात आत शिरतानाच मागा.

दमल्या तर मध्येच डोंगहुआमेनने बाहेर पडता येतं. अख्खा राजवाडा पार करायलाच हवा असं नाही. वूमेन, तैहमेन, पहिलं सभागृह आणि पूर्वेकडून बाहेर : एवढं दोन तासांत, न धापा टाकता होतं.

प्रश्न : दरवाजाचा चांगला फोटो किती वाजता येईल?

वूमेन दक्षिणाभिमुख. सकाळी लवकर पूर्वेकडचा हात अंगणावर सावली टाकतो, दुपारी उशिरा पश्चिमेकडचा. त्यामुळे अर्धा दरवाजा काळा आणि अर्धा पांढुरका असा फोटो येतो, आणि लोक मोबाइलला दोष देतात. पूर्ण दर्शनी भाग उजळलेला हवा तर दहा ते दोन. दिवसाच्या या वेळी गर्दीही सर्वांत जास्त, म्हणून माणसं टाळायची तर कॅमेरा वर उचला आणि छप्पर, पाटी, मंडप एवढंच घ्या. सगळं एका फोटोत मावावं म्हणून भिंतीला चिकटून मोबाइल तिरपा केला की इमारत मागे पडताना दिसते. त्यापेक्षा उलट दुआनमेनकडे मागे जा.

शनवूमेनचं तोंड उत्तरेला. वर्षभर जवळजवळ सगळा दिवस तो आपल्याच सावलीत असतो. जून-जुलैत सूर्य वायव्येला मावळतो, तेव्हा शेवटच्या तासात त्यावर तिरपं ऊन येतं. एरवी त्याच्यासाठी थांबू नका. त्यापेक्षा खंदकाच्या वायव्य कोपऱ्यावर बाहेरून उभे राहा. संध्याकाळचं ऊन कोपऱ्यातल्या बुरुजावर पडतं आणि बुरूज पाण्यात उतरतो. ड्रोन बाहेरही काढू नका.

प्रश्न : बाहेर पडायचं कुठून? टॅक्सी मिळते का? आणि बाहेर जेवून परत आत येता येईल का?

2011 च्या जुलैपासून वाहतूक एकेरी आहे. वूमेनमधून आत, शनवूमेन किंवा डोंगहुआमेनमधून बाहेर. त्यामुळे बस वूमेनजवळ उभी करून ‘तिथेच भेटू’ असं ठरवणाऱ्या मंडळींची एकमेकांशी चुकामूक होते. भेटायची जागा शनवूमेनच्या बाहेरची ठरवा. त्या दारावर मोठ्या अक्षरांत संग्रहालयाची पाटी आहे, ती चुकत नाही. (दाराचं जुनं नाव श्वेनवूमेन. सम्राट खांगशीच्या नावात ‘श्वेन’ हेच अक्षर होतं आणि सम्राटाचं नाव उच्चारू नये असा नियम, म्हणून दाराचं नाव बदललं.)

शनवूमेनबाहेरच्या रस्त्यावर टॅक्सी थांबत नाही, असंच धरून चाला. तिथे थांबतात त्या विजेवरच्या रिक्षा. ‘तीन’ म्हणून बसवतात आणि उतरताना ते तीनशे होतं. ‘आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणणारे आणि ‘इंग्रजीचा सराव करू, चहा घेऊ’ म्हणणारे गोड तरुणही याच परिसरात भेटतात. पहिल्यांचं खोटं असतं, दुसऱ्यांच्या चहाचं बिल खरं असतं. पूर्वेकडे वीसेक मिनिटं चालत गेलात तर 8 नंबरच्या लाइनवरचं कलासंग्रहालयाचं मेट्रो स्थानक लागतं.

पाय शाबूत असतील तर त्याआधी रस्ता ओलांडून समोरच्या जिंगशान टेकडीवर चढा. तिकीट 2 युआन, चढ पंधरा मिनिटांचा. टेकडी खंदकाच्या मातीची. माथ्यावरच्या मंडपातून शनवूमेन ते वूमेन सगळी छपरं एका ओळीत दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने आधी इथे येऊन मग आत जावं, असं कितीही वाटलं तरी एकेरी वाटेमुळे मग वूमेनपर्यंत मोठा वळसा पडतो.

एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत प्रवेश नाही. पाणी आणि काही खायला पिशवीत ठेवा आणि वूमेनच्या रांगेत उभं राहण्याआधी दुआनमेन आणि वूमेनच्या मधल्या अंगणातलं स्वच्छतागृह गाठा. आत गेल्यावर पुढच्या स्वच्छतागृहापाशी बायकांची रांग वूमेनच्या रांगेशी स्पर्धा करते.